मुंबई ते लंडन : वाटेतल्या नाक्यांचा इतिहास

मुंबईहून लंडन किती लांब आहे, या प्रश्नाचे भूगोलाने दिलेले उत्तर एकच आहे : पृथ्वीच्या गोलावर दोन्ही विमानतळांमध्ये दोरा ताणला तर तो सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो. हा दोरा मुंबईहून वायव्येकडे निघून सिंध आणि बलुचिस्तानवरून इराणच्या सीस्तान भागात शिरतो, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्येचा कोपरा ओलांडतो आणि कॉकेशसच्या डोंगरांत पोहोचतो. त्याचा नेमका मध्य जॉर्जियाची राजधानी त्बिलिसीच्या थोडा दक्षिणेला येतो. तिथून काळा समुद्र, क्रिमिया, दक्षिण युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि बेल्जियम असे करत तो लंडनला टेकतो. मात्र या दोऱ्यावरून टोकापासून टोकापर्यंत आज एकही प्रवासी विमान जात नाही, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत जवळजवळ कधीच गेलेले नाही. प्रवासाला किती वेळ लागतो हे सांगताना आपण सवयीने वाहनाच्या वेगाचा विचार करतो : शिडाचे जहाज गेले, आगबोट आली, मग पंख्याचे विमान, मग जेट, आणि वेळ घटत गेला. ही मांडणी चुकीची नाही, अपुरी आहे. या दोन शहरांमधला गेल्या दोनशे वर्षांचा प्रवास बारकाईने पाहिला तर वेळाचे मोठे चढउतार दोन गोष्टींनी घडवलेले दिसतात : वाटेत कुठे थांबावे लागते आणि कोणाच्या हद्दीतून जाण्याची मुभा मिळते. वाहनाचा वेग वेळाची खालची मर्यादा ठरवतो. प्रत्यक्षात लागणारा वेळ ठरतो तो नाक्यांवर.

सुरुवात शिडाच्या जहाजांपासून करावी लागते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला इंग्लंड आणि मुंबई यांच्या दरम्यान चार ते सहा महिने लागत. इथे परवानगी द्यायचा तो वारा. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की मुंबईहून पश्चिमेकडे निघणे अवघड होई, आणि जहाजे कधी सुटायची याचे वेळापत्रक पावसाळा ठरवत असे. वाऱ्याच्या या सत्तेला पहिला उघड शह मुंबईनेच दिला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी तांबड्या समुद्राकडे निघाली. तिच्या आराखड्यात साडेपाच दिवस पुरेल एवढ्या कोळशाचीच जागा होती. एडनपर्यंतची मजल मात्र दहा-अकरा दिवसांची होती. म्हणून कोठ्या भरून झाल्यावर प्रवाशांच्या खोल्यांत आणि दिवाणखान्यातही कोळसा रचला गेला, आणि बोट इतकी खोल बसली की तिचा डेक पाण्याच्या जवळपास आला. अकराव्या दिवशी ती एडनला पोहोचली तेव्हा तिच्यावर काही तासांपुरताच कोळसा उरला होता. पुढे मोखा, जेद्दा, कोसेर असे थांबे घेत ती २२ एप्रिलला सुएझला लागली. या तेहेतीस दिवसांपैकी सुमारे बारा दिवस बंदरांत कोळसा भरण्यात गेले होते. म्हणजे वाफेच्या युगाच्या पहिल्याच सफरीत एक तृतीयांशाहून जास्त वेळ बोट जागची हललेली नव्हती. त्यानंतरच्या दशकात, १८३९ साली, ब्रिटिशांनी एडन ताब्यात घेतले. त्याच्या कारणांमध्ये कोळशाचे खात्रीचे ठाणे हवे, हे एक मोठे कारण होते. बोटीच्या इंजिनात तेवढ्या काळात झालेल्या सुधारणेपेक्षा हा राजकीय बदल प्रवासाच्या दृष्टीने कमी महत्त्वाचा नव्हता.

सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी उघडला आणि लंडन-मुंबई सागरी वाट सुमारे चाळीस टक्क्यांनी आखूड झाली. कालवा हा या इतिहासातला सर्वांत मोठा फेरबदल, आणि त्यात कोणत्याही बोटीचा वेग ताशी एक मैलानेही वाढलेला नव्हता. गंमत अशी की कालवा उघडल्यावरही काही वर्षे सरकारी टपाल अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेने सुएझला नेले जाई आणि तिथे पुन्हा बोटीवर चढवले जाई, कारण टपाल खात्याचा करार तसा होता. बोट कालव्यातून येई, पत्रे मात्र जमिनीवरून जात. करारातल्या कलमाला वाटेतला अडथळा म्हणायचे नसेल तर मग अडथळा कशाला म्हणायचे, असा प्रश्न पडतो. युरोपच्या बाजूलाही हाच खेळ होता. लंडनहून थेट बोटीने निघणाऱ्याला स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे यावे लागे. रेल्वेने फ्रान्स ओलांडून मार्सेय बंदरात बोट गाठणाऱ्याचा जवळजवळ एक आठवडा वाचत असे. दोघेही अखेर एकाच बोटीत असत. एकाच बोटीचा वेग दोघांना दोन वेगवेगळे प्रवासकाल देत होता.

मराठी वाचकाला परिचित असलेल्या दोन प्रवासांतून हे नेमके दिसते. विनायक दामोदर सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ ही बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून सुटली. एडनला त्यांना ‘सालसेट’ बोटीवर चढवले गेले आणि २२ जुलैला ते मुंबईत आणले गेले. पूर्ण सागरी वाटेचे हे तीन आठवडे. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेयला उतरले आणि रेल्वेने व खाडी ओलांडून १२ तारखेला लंडनला पोहोचले. हे दोन आठवडे. मधल्या एकवीस वर्षांत बोटी थोड्या सुधारल्या होत्या, पण फरकाचा मोठा वाटा मार्सेयचा आहे. आणि मार्सेय म्हणजे निव्वळ चढउताराचे बंदर नव्हते, ती दुसऱ्या सार्वभौम सत्तेची हद्द होती. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी उडी घेतली ती बोट या थांब्यावर उभी असताना. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडण्याचा ब्रिटिशांना अधिकार होता का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि १९११ साली निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. एका थांब्यामुळे दोन राष्ट्रांना न्यायाधीशांपुढे उभे राहावे लागते, यावरून वाटेतल्या हद्दी किती खऱ्या असतात हे कळते. लोकमान्य टिळकांचा अनुभव याच्याच दुसऱ्या टोकाचा. होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर ते एप्रिल १९१८ मध्ये विलायतेला जाण्यासाठी कोलंबोपर्यंत पोहोचले आणि तिथेच त्यांचे पासपोर्ट रद्द झाले. त्याच वर्षी चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी परवानगी मिळाल्यावर सप्टेंबरात निघालेले टिळक ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोहोचले. महायुद्धाच्या काळात दोन-तीन आठवड्यांच्या वाटेला सहा आठवडे लागले, आणि त्याआधीचा प्रयत्न तर शून्य मैलांवर संपल्यासारखाच होता. बोटींची इंजिने तीच होती.

विमान आल्यावर हे सगळे मागे पडेल असे वाटणे स्वाभाविक होते. हवेत ना बंदर, ना कालवा, ना रूळ. इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीची सेवा सुरू केली तेव्हा प्रवासाला सात दिवस लागत. या सात दिवसांचा हिशेब उद्बोधक आहे. क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधल्या बासेलपर्यंत विमान, बासेलहून इटलीतल्या जेनोआपर्यंत आगगाडी, जेनोआहून भूमध्य समुद्रातल्या अनेक बंदरांवर टेकत अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, आणि इजिप्तहून गाझा, रुतबा, बगदाद, बसरा व इराणचा किनारा धरत कराचीपर्यंत तीन इंजिनांचे ‘हर्क्युलिस’. विमानाच्या सेवेत मध्येच आगगाडी आली, कारण हवाई हद्दीच्या परवानगीवरून इटलीशी मतभेद होते. रात्री उड्डाण नसे, त्यामुळे प्रवासी रोज संध्याकाळी कुठेतरी मुक्कामाला उतरत. इराकच्या वाळवंटातल्या रुतब्याला तर तटबंदीच्या आत विश्रांतिगृह बांधावे लागले. जॉर्डन आणि इराक यांच्या दरम्यानच्या ओसाड पठारावर वैमानिकाला दिशा चुकू नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाने आधीच जमिनीवर मैलोन्‌मैल नांगराचे तास ओढून ठेवले होते आणि विमाने त्या तासावर नजर ठेवून उडत. ताशी शंभर मैलांच्या आसपास उडणाऱ्या विमानाला पाच हजार मैलांसाठी पन्नासेक तास पुरले असते. सात दिवसांचे तास होतात १६८. म्हणजे दोन तृतीयांश वेळ हवेबाहेरच जात होता.

त्यातही इराणचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. इजिप्त ते बसरा ही सेवा १९२७ सालीच सुरू झाली होती आणि ती लगेच कराचीपर्यंत वाढवायची होती. इराणने आपल्या किनाऱ्यावरून विमाने नेण्यास मुभा दिली नाही आणि कराची दोन वर्षे लांबली. मग जी परवानगी मिळाली ती मुदतीची होती. मुदत संपल्यावर १९३२ साली सगळा मार्ग उचलून आखाताच्या दक्षिणेकडच्या अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला आणि शारजाच्या शेखाशी करार करून तिथे विमानतळ आणि किल्लेवजा विश्रांतिगृह उभारले गेले. त्याचे भाडे ठरले ते भारतीय रुपयांत, कारण आखातात तेव्हा तेच चलन चाले. आज शारजा आणि दुबई ही जगाच्या हवाई वाहतुकीची नाकी आहेत. त्यांच्या भरभराटीची पुढची कारणे निराळी आहेत. पण लंडन-भारत हवाई वाटेने पहिल्यांदा त्या किनाऱ्याला पाय लावला तो इराणच्या नकारामुळे.

मुंबई या वाटेवर नव्हतीच, हे आज विसरले जाते. साम्राज्याची हवाई वाट कराचीला भारतात शिरे आणि तिथून दिल्ली व कलकत्त्याकडे वळे. समुद्रमार्गे हिंदुस्थानचा दरवाजा असलेले शहर हवाई नकाशावर आडबाजूला पडले. ती उणीव भरून काढण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने निघाले, अहमदाबादला इंधनासाठी थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची धावपट्टी म्हणजे भरती-ओहोटीच्या पातळीतली चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांच्या विमानांना पुण्यात येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर बस्तान हलवावे लागे. त्यामुळे वर्षातले काही महिने मुंबईचे लंडनशी हवाई नाते पुण्याहून जुळत असे. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाण्यावर उतरणारी मोठी विमाने या वाटेवर आली तेव्हाही ती कराचीहून राजस्थानातल्या राजसमंद तलावावर आणि ग्वाल्हेरला उतरत पूर्वेकडे गेली. मुंबईजवळ समुद्र होता आणि विमाने पाण्यावर उतरणारी होती, तरीही ती मुंबईला आली नाहीत, कारण वाट आखणाऱ्यांचे डोळे सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियाकडे होते.

मुंबई लंडनच्या थेट वाटेवर आली ती ८ जून १९४८ रोजी. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन त्या रात्री सांताक्रूझहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा इथे थांबत लंडनला गेले. पाच हजार मैलांच्या या प्रवासाला जवळजवळ एक पूर्ण दिवस-रात्र लागली. दोन आठवड्यांचे चोवीस तास झाले, ही गोष्ट लहान नाही. पण ही सेवा सुरू होण्याआधी दुसरे काही घडले होते. १९४४ साली शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकमेव हक्क मान्य केला. कोणत्या देशाचे विमान कोणत्या शहरात उतरेल, तिथे प्रवासी चढवेल की फक्त इंधन भरेल, कोणाच्या डोक्यावरून जाईल, हे सगळे यापुढे दोन-दोन सरकारांनी बसून ठरवायचे होते. कैरो आणि जिनिव्हा हे थांबे नकाशावर बोट ठेवून निवडलेले नव्हते. त्यामागे इंधन होते, मिळू शकणारे प्रवासी होते आणि या देशांशी झालेली बोलणी होती. त्या जून महिन्यात इजिप्त इस्रायलशी युद्ध करत होता, हेही ध्यानात ठेवायला हवे. पहिल्याच उड्डाणाने एका युद्धरत देशाच्या राजधानीत विसावा घेतला होता.

थांबे आणि हद्दीच वेळ ठरवतात, या म्हणण्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप जेट विमानाचा. कॉन्स्टेलेशन ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडे. एअर इंडियाने एप्रिल १९६० मध्ये लंडनला नेलेले बोइंग ७०७ ताशी नऊशेच्या आसपास. उड्डाणाचे तास जवळजवळ निम्मे झाले. हे यश इंजिनाचेच, आणि ते मान्य न करणे हट्टीपणा ठरेल. पण त्याला दोन पुरवण्या जोडाव्या लागतात. पहिली कॉमेटची. ब्रिटनचे हे जगातले पहिले प्रवासी जेट १९५२ साली लंडनहून मुंबईमार्गे कोलंबोला जाऊ लागले. वेग जेटचा, पण टाकी लहान. म्हणून ते रोम, बैरुत, बहारीन, कराची आणि मुंबई असे टप्पे घेत जाई. दर थांब्याला खाली उतरणे, इंधन भरणे, पुन्हा वर चढणे. वेगातली मोठी झेप थांब्यांनी खाऊन टाकली. दुसरी पुरवणी याहून बोलकी आहे. १९६० साली ७०७ ज्या वेगाने उडत होते जवळजवळ त्याच वेगाने आजची विमाने उडतात. पासष्ट वर्षांत प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही. वेळ मात्र १९६० नंतरही घटत गेला, कारण मधले थांबे एकेक करून गळले. ज्या काळात वेग जागच्या जागी राहिला त्याच काळात वेळ घटला असेल, तर घटीचे श्रेय वेगाला देता येत नाही.

थांब्याची किंमत फक्त तासांत मोजून भागत नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून भारतीय खलाशांना घेऊन लंडनकडे चालले होते. जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना ते माँ ब्लाँवर आदळले आणि त्यातले सगळे ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे येत असताना त्याच पर्वतावर, तेही जिनिव्हासाठी खाली येताना, कोसळले. त्यातल्या ११७ जणांमध्ये डॉ. होमी भाभा होते. ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. डोंगर मागे पडला असा वैमानिकाचा समज झाला होता आणि तो पुढेच होता. या दुर्घटनांची कारणे वेगवेगळी तपासली गेली आणि थांबा हे त्यांचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. पण दोन्ही विमाने त्या उंचीवर आली होती ती आल्प्सच्या कुशीतल्या एका मधल्या मुक्कामासाठी. वाटेत उतरावेच लागत नसते तर त्यांना तो पर्वत हजारो फूट खाली दिसला असता.

दुसरा आक्षेप पहिल्याचाच धाकटा भाऊ : थांबे घ्यावे लागत होते ते टाकी लहान होती म्हणून, म्हणजे अखेर प्रश्न यंत्राचाच. बऱ्याच अंशी हे खरे आहे. ‘ह्यू लिंडसे’ आणि कॉमेट यांच्या बाबतीत तर पूर्ण खरे आहे. पण टाकी मोठी झाल्यावर थांबे आपोआप गेले असते तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता, आणि तसे झालेले नाही. एअर इंडियाकडे १९७१ साली बोइंग ७४७ आले. मुंबई-लंडन ही मजल त्याच्या एका दमात बसणारी होती. तरीही पुढची अनेक वर्षे युरोपकडे जाणारी विमाने आखातातल्या आणि युरोपातल्या शहरांत उतरत राहिली. चारशे आसनांचे विमान एकट्या मुंबईतून भरणे कठीण होते, आणि वाटेत उतरण्याचे व तिथून प्रवासी उचलण्याचे हक्क हे सरकारांनी मोठ्या कष्टाने मिळवलेले भांडवल होते. ते वापरले नाही तर वाया जाते. तिथे थांबा ठरत होता तिकिटांच्या आणि करारांच्या हिशेबावर. इंधनाचा काटा त्यात दुय्यम होता.

आणि वेगच खरोखर निर्णायक असता तर कॉंकॉर्डने हा वाद मिटवायला हवा होता. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे हे विमान २१ जानेवारी १९७६ पासून लंडनहून बहारीनला जाऊ लागले, म्हणजे मुंबईच्या अर्ध्याहून जास्त वाटेवर ते प्रत्यक्ष उडत होते. एअर इंडियानेही एके काळी अशा दोन विमानांसाठी नाव नोंदवून ठेवले होते. पण ध्वनीचा वेग ओलांडताना होणारा स्फोटासारखा आवाज लोकवस्तीवर कोणालाच नको होता. युरोपच्या भूमीवरून कॉंकॉर्डला साध्या जेटच्या वेगाने जावे लागे आणि समुद्र लागल्यावरच ते खरा वेग धरू शके. भारताने आपल्या भूमीवरून तसे उड्डाण करू दिले नाही, आणि सिंगापूरपर्यंत वाढवलेली सेवा मलेशियाच्या आक्षेपाने तीनच फेऱ्यांनंतर काही काळ बंद पडली. १९८० साली ती कायमची थांबली. कॉंकॉर्ड महाग होते, इंधन पिणारे होते, हे सगळे खरेच. पण जगातल्या सर्वांत वेगवान प्रवासी विमानाला मुंबईच्या वाटेवर आपला वेग वापरायला आकाश मिळाले नाही, हेही तितकेच खरे आहे.

तिसरा आक्षेप असा घेता येईल की युद्धे, बंदी आणि अडवणूक हे अपवाद आहेत. नेहमीचा काळ पाहिला तर यंत्रच वेळ ठरवते. अपवाद मोजून पाहू. पहिल्या परिच्छेदातला दोरा ज्या भागांवरून जातो त्यातले आर्मेनिया, जॉर्जिया, क्रिमिया आणि युक्रेन हे सगळे १९९१पर्यंत सोव्हिएत आकाशाखाली होते आणि मुंबई-लंडनच्या नेहमीच्या सेवांसाठी ते बंद होते. इराण आणि इराक १९८० ते १९८८ एकमेकांशी लढत होते. पाकिस्तानचे आकाश १९७१च्या युद्धापासून १९७६पर्यंत, २००२ ते २००४ या काळात, २०१९ साली २७ फेब्रुवारी ते १६ जुलैपर्यंत आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद राहिले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. समुद्राची गोष्ट वेगळी नाही : सुएझ कालवा १९६७ ते १९७५ अशी सलग आठ वर्षे बंद होता आणि तेवढा काळ मुंबईची जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालत होती. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजांवर पुन्हा तीच पाळी आली. दर दहा-पंधरा वर्षांनी येणारा आणि वर्षानुवर्षे टिकणारा अपवाद हा अपवाद म्हणवत नाही. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच मुंबईला परतले आणि लंडनहून मुंबईला येणारे व्हिएन्नाला उतरवले गेले. विमाने उत्तम होती, इंधन पुरेसे होते. पुढे रस्ता नव्हता.

आणखी एक आक्षेप सरकारांना सोडून निसर्गाकडे बोट दाखवतो. लंडनहून मुंबईला येताना जाण्याच्या मानाने सुमारे तासभर कमी लागतो, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे येताना पाठीशी असतात आणि जाताना तोंडावर येतात. हे खरे, पण हा फरक कायमचा आहे. तो इतिहासात बदलत नाही, त्यामुळे इतिहासातल्या बदलाचे कारण होऊ शकत नाही. उलट निसर्गाची एक देणगी मुंबईच्या बाजूने काम करते. पाकिस्तानचे आकाश बंद झाले की दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडे मोठा वळसा पडतो. मुंबईचे विमान मात्र घाट न चढताच अरबी समुद्रावर जाते आणि ओमानचा किनारा गाठते. खुल्या समुद्रावरचे आकाश कोणाच्या मालकीचे नाही आणि तिथे कोणाचा परवाना लागत नाही. ‘ह्यू लिंडसे’ला ज्या समुद्राने कोळशासाठी जेरीस आणले तोच आज या शहराची सर्वांत भरवशाची वाट आहे.

आज मुंबई-लंडन हे उड्डाण साडेनऊ-दहा तासांचे आहे. ७,२०० किलोमीटरला नऊशेने भागले तर आठ तास येतात. चढणे, उतरणे आणि समोरचा वारा यांचा वाटा वजा केल्यावर जे उरते ते वळशांचे, म्हणजे कोणत्या देशाचे कोणाशी पटते याचे माप. वेगाने शक्य असलेली घट १९६० सालीच पदरात पडली आणि टाकीने शक्य असलेली त्यानंतरच्या काही दशकांत. म्हणून यापुढे या वाटेवर वेळ वाचेल किंवा वाढेल तो विमानांच्या कारखान्यांपेक्षा तेहरान, कीव्ह, मॉस्को आणि इस्लामाबाद इथल्या निर्णयांनी. प्रवासाचा इतिहास लिहिताना आपण वाहनांच्या पिढ्या मोजतो आणि वेळापत्रकांना त्यांची तळटीप समजतो. या दोन शहरांपुरते तरी ते उलट करायला हवे. वेळापत्रक हा त्या काळच्या तहांचा सारांश असतो, आणि तो तसाच वाचला तर कोणत्या वर्षी कोणती दारे उघडी होती आणि कोणती बंद, हे त्यातल्या तासांवरून सांगता येते.